तुमची बिअर कुठली? (ब्रँड नको, प्रकार सांगा)

चिंचवडी

परवा ऑफिसच्या पार्टीत पुन्हा तेच. वेटरने विचारलं, "माइल्ड की स्ट्राँग?" टेबलावरच्या नऊ जणांपैकी सात जण एका सुरात "स्ट्राँग!" मी विचारलं, पिल्सनर आहे का. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी परमिट रूममध्ये बसून साबुदाण्याची खिचडी मागितली असावी.

म्हणून हा धागा. आपल्याकडे कुणाला बिअर कुठली आवडते विचारलं की कंपनीचं नाव येतं. भाजी कुठली आवडते विचारावं आणि समोरच्याने भाजीवाल्याचं नाव सांगावं, तसं. तर ब्रँड बाजूला ठेवा, प्रकार सांगा, आणि का आवडतो तेही सांगा.

माझ्यापासून सुरू करते. पहिली बिअर मैत्रिणीच्या खोलीवर, स्टीलच्या पेल्यात, कोमट. एवढं कडू पिऊन लोकांना काय मिळतं, असा प्रश्न पडला होता. मग पुण्यात मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरी) निघाल्या आणि कुणीतरी हातात व्हीट बिअर, म्हणजे गव्हाची बिअर दिली. गढूळ, फिकट पिवळी, वर बोटभर फेस, आणि कडूपणा जवळजवळ नाहीच. मी खुळावले. बाबांनाही घेऊन गेले एकदा. बाबा पक्के स्ट्राँगवाले, तीही ग्लासात बर्फाचे खडे टाकून. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला आणि म्हणाले, "याला शिकरणाचा वास येतोय."

मी हसले होते, पण माणूस बरोबर बोलला होता. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पद्धतीच्या व्हीट बिअरला केळ्याचा वास येतो तो त्यात केळं घातलं म्हणून नाही, यीस्टमुळे. ते यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं रसायन तयार करतं, आणि पिकल्या केळ्याच्या वासातही तेच असतं. मागून लवंगेसारखा वास येतो तोही यीस्टचाच उद्योग. म्हणजे शिकरणच, फक्त लवंग घातलेलं.

मग सगळ्यांचं होतं ते माझंही झालं. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. दोन वर्षं मी अशी बिअर पीत होते की जीभ आत ओढली जायची, आणि तोंडाने "वा, काय सिट्रस आहे" म्हणायचं. खरं सांगायचं तर त्यात आवड किती आणि मिरवणं किती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

नंतर नोकरीनिमित्त दीड वर्ष चेक प्रजासत्ताकात होते, म्लादा बोलेस्लाव्हला. एका शनिवारी पिल्झेनला गेले. पिल्सनर हे नाव त्याच गावावरून. १८३८ मध्ये तिथल्या लोकांनी गावच्या खराब बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली, मग नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा एक तिरसट माणूस आणला. त्याने १८४२ मध्ये जी बिअर काढली ती सोनेरी आणि पारदर्शक होती. तोवर तिथल्या बिअरी बहुतेक काळपट नाहीतर गढूळ. त्या गावचं पाणी अगदी मृदू, माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) फिकट भाजलेलं, हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, जवळच्याच झाटेत्सचे (साझ म्हणतात त्यांना), आणि थंड तळघरात सावकाश आंबणारं बव्हेरियन यीस्ट. जगात आज जी पिवळी बिअर सगळीकडे मिळते ती याच बिअरची लेकरं-नातवंडं. काही फारच लांबची.

ब्रुअरीची फेरी तळघरात संपते. जून होता तरी मला जॅकेट घालावं लागलं. भिंती ओल्या, आणि ओळीने ओकची मोठी पिंपं. एका माणसाने पिंपाची तोटी फिरवून न गाळलेली बिअर थेट ग्लासात दिली. पहिल्या घोटाला भाजलेल्या पावाच्या कडेचा गोडवा, आणि गिळल्यावर मागून कडू, पण स्वच्छ. कारल्यासारखं रेंगाळणारं नाही, गुढीपाडव्याच्या कडुलिंबाच्या कोवळ्या पानासारखं. येतं आणि जातं. मी रिकामा ग्लास धरून तशीच उभी राहिले, मागची मंडळी पुढे निघून गेली.

तेव्हापासून मी पिल्सनरवाली. माझं म्हणणं असं, की पिल्सनर म्हणजे वरणभात. मिसळीत तेल थोडं जुनं असलं तरी खपून जातं. वरणभातावरचं तूप एक दिवस जुनं असलं तरी कळतं. साध्या लागरमध्ये (थंडीत सावकाश आंबवून मुरवलेली बिअर, पिल्सनर त्यातलीच) चूक लपवायला जागाच नसते.

तुम्ही बोला.

मसाला_पापड

स्ट्राँग. धागा संपला.

पावशेर

पापडभाऊंशी सहमत. ताई, लेख झकास, पण सामान्य माणसाचा हिशोब वेगळा असतो. ६५० मिलीची बाटली घ्यायची, एकाच बाटलीत काम व्हायला हवं. माइल्ड घेतली तर दोन लागतात, आणि दुसरी संपेपर्यंत पहिली उतरलेली असते. देशात विकली जाणारी बहुतेक बिअर स्ट्राँगच असते, ती उगाच नाही.

चवीचं म्हणाल तर एक युक्ती सांगतो. आपल्या बिअरीत ग्लिसरीन घालतात. बाटली उघडून, अंगठा लावून, उलटी करायची आणि पाण्याच्या ग्लासात तोंड बुडवायचं. ग्लिसरीन धारेने खाली उतरताना दिसतं. मग पाहा, सकाळी डोकं दुखत नाही.

अर्धा_डॉक्टर

पावशेर भाऊ, ही युक्ती आमच्या होस्टेलवर पण होती. नऊ-दहा वर्षं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विद्या. एकदा एका मित्राने ती खाली उतरलेली "ग्लिसरीन"ची धार स्ट्रॉने ओढून प्यायली. बिअरच निघाली. पाणी घातलेली.

कारण सोपं आहे. बिअरमध्ये न आंबलेली थोडी साखर आणि इतर पदार्थ उरतात, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. बाटली उलटी धरली की जड बिअर खाली येते, हलकं पाणी वर जातं. ती धार दिसते म्हणून वाटतं काहीतरी वेगळं निघतंय. थोडंसं ग्लिसरॉल यीस्ट आंबवताना स्वतःच बनवतं, पण ते विरघळलेलं असतं, असं सुटं होऊन बाहेर पडत नाही. तुम्ही एवढा खटाटोप करून बिअर पातळ करताय. डोकं कमी दुखत असेल तर त्याचं श्रेय पाण्याला.

आणि हिशोबच करायचा तर पुरता करू. ६५० मिली गुणिले ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ३० मिलीचा व्हिस्कीचा छोटा पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जेमतेम १३ मिली. एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार पेग. "मी दारू पीत नाही हो, फक्त एक बिअर घेतो" म्हणणारे काका इथे बरेच असतील, त्यांच्यासाठी लिहिलं. ज्यांचं युरिक ॲसिड वाढलेलं आहे त्यांनी तर प्रकार कुठला याची चर्चा वाचूनच समाधान मानावं. मी त्यांपैकीच.

पावशेर

अकरा वर्षं मी बाटल्या उलट्या करतोय राव. घरात सांगू नका.

राइनकाठ

गेली सात वर्षं जर्मनीत, कोलोनमध्ये. इथे बिअर कुठली हा प्रश्नच विचारत नाहीत. कोल्श. बस्स. जुन्या ब्रुअरी-हाउसमध्ये निळा डगला घातलेला वाढपी येतो, त्याला क्योबेस म्हणतात. हातात गोल ट्रे, त्यात २०० मिलीचे उंच सडपातळ ग्लास. तुम्ही काही बोलायच्या आत एक समोर ठेवतो आणि ग्लासखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलने रेघ मारतो. ग्लास रिकामा झाला की दुसरा. न विचारता. तिसरा, चौथा. आग्रह थांबवायचा तर ती चकती ग्लासावर झाकण म्हणून ठेवायची. पंगतीत जिलबी आली की आपण पानावर आडवा हात धरतो ना, हुबेहूब तसं. फरक इतकाच की आपल्याकडे हात धरला तरी दोन बोटांच्या फटीतून जिलबी पडतेच.

पहिल्या वेळी मला हे माहीत नव्हतं. चकतीवर नऊ रेघा झाल्यावर शेजारच्या आजोबांनी दया येऊन सांगितलं.

कोल्श दिसायला पिल्सनरसारखीच, पण ती मुळात एल, म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबणारी बिअर. यीस्ट एलचं, आंबवणं जरा उबेत, आणि नंतर लागरसारखं थंडीत मुरवणं. त्यामुळे किंचित फळासारखा वास येतो आणि कडूपणा कमी. चिंचवडीताई, तुमचा वरणभात असेल तर हा दहीभात. चाळीसेक किलोमीटरवर ड्युसेलडॉर्फ आहे, तिथे तांबूस आल्टबिअर पितात. कोलोनमध्ये बसून आल्ट मागितलीत तर कोल्हापुरात पुणेरी मिसळ मागितल्यासारखं होईल.

कालवंवाली

माझी स्टाउट. आणि दर वेळी ऐकावं लागतं, "बाईमाणूस आणि एवढी कडक पिते?" काळी दिसली म्हणजे कडक, हे गणित कुणी मांडलं देव जाणे. डब्लिनची ती प्रसिद्ध काळी बिअर नळावरची घेतली तर ४.२ टक्के. वरच्या पापडभाऊंच्या स्ट्राँगच्या जवळजवळ निम्मी. काळा रंग जवस भाजतात त्याचा, आणि जिभेवर सायीसारखी लागते ती नायट्रोजनमुळे. त्याचे बुडबुडे फार बारीक असतात. ओतल्यावर मिनिटभर नुसती बघत राहावी. बुडबुडे कडेने खाली जाताना दिसतात, वर नाही.

चव म्हणाल तर बिनसाखरेच्या काळ्या कॉफीची. आता खरी गोष्ट सांगते. आयर्लंडमध्ये स्टाउटबरोबर ऑयस्टर खातात, म्हणजे आपली कालवं. आम्ही रत्नागिरीकडचे. गेल्या दिवाळीत भावाने दोन डबे आणले होते, आईने कालवांचं सुकं केलं होतं, ओलं खोबरं आणि तिरफळ घालून. खारट कालव, तिरफळाची जीभ बधिर करणारी चव आणि वर ती भाजकी कडू काळी बिअर. आईने घोटभर घेतली, "काढ्यापेक्षा बरी" म्हणाली. आमच्याकडे ही मोठी पावती आहे.

(अर्धा_डॉक्टर, कालवं पण युरिक ॲसिडला वाईट, माहीत आहे. लिहू नका.)

मसाला_पापड

जवस? जवसाची तर चटणी करतात ना ताई?

कालवंवाली

सातू म्हणा, बार्ली म्हणा! चूक झाली. जवसाची बिअर प्यायले तर आईही काढा म्हणेल.

देवळालीकर

पुण्याच्या मायक्रोब्रुअरीचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावची एक गोष्ट. २००९ मध्ये पुण्यात जी सुरू झाली तिचं नाव डूलॅली. लोकांना वाटतं काहीतरी फॅशनेबल इंग्रजी. ते आमचं देवळाली. नाशिकजवळची लष्करी छावणी, मायदेशी परतणारे गोरे सैनिक तिथे बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असत. काम नाही, उकाडा, मच्छर. डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला "डूलॅली" म्हणायला लागले. वेड्यांचं गाव म्हणून का होईना, नाव झालं.

आणि याच सैनिकांसाठी इंग्रजांनी इंडिया पेल एल शोधून काढली. प्रवासात टिकावी म्हणून जास्त हॉप्स आणि जास्त अल्कोहोल. म्हणजे आयपीएमधला "आय" आपलाच. त्यामुळे माझं मत आयपीएला, देशप्रेमापोटी.

थेम्सकाठ

देवळालीकर, पहिली गोष्ट सुंदर आणि खरी. दुसरी नुसती सुंदर.

कुणी एकाने भारतासाठी म्हणून ती शोधून काढली नाही. फिकट, भरपूर हॉप्सची बिअर इंग्लंडात आधीपासून होती. पूर्व लंडनमध्ये बो इथे हॉजसनची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची त्या गोदीच्या जवळ. जहाजाच्या कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी द्यायचा, म्हणून त्याचा माल मुंबई-कलकत्त्याला पोचला. उधारीवर उभा राहिलेला धंदा, किराणा दुकानासारखाच. चार-सहा महिन्यांच्या प्रवासात ती पिंपात छान मुरायची, हा योगायोग. नंतर इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ब्रुअरीवाल्यांनी तशीच बिअर काढली. तिथल्या पाण्यात जिप्सम, त्यात हॉप्सचा कडूपणा जास्त धारदार लागतो. "इंडिया पेल एल" हे नाव तर १८३०च्या आसपास रूढ व्हायला लागलं. आणि सैनिक? शिपाईगडी पोर्टर प्यायचे, काळी आणि स्वस्त. पेल एल साहेबलोकांची. तेव्हा देवळालीत ज्याचं डोकं फिरलं त्याच्या हातात बहुधा कालवंवालींच्या बिअरची थोरली बहीण होती.

माझी आवड विचाराल तर कास्क बिटर. पिंपातच शेवटचं आंबणं होणारी, हातपंपाने ओढून काढलेली, गॅस न मारलेली. पहिल्यांदा मिळाली तेव्हा मीही म्हटलं, ही गरम का? गरम नसते, तळघराच्या तापमानाची असते, ११ ते १३ अंश. आपण फ्रीजरमध्ये ठेवून दात शिवशिवतील इतकी गार करतो, मग कुठली चव कळणार. जिभेला बधिर करूनच प्यायची तर पिल्सनर काय आणि स्ट्राँग काय.

चार टक्क्यांच्या आत-बाहेर असते, संध्याकाळभर गप्पा मारत दोन ग्लास होतात. पबमध्ये पाऊस बघत बसायला हिच्यासारखी सोबत नाही.

चिंचवडी

थेम्सकाठ, गारपणाबद्दल शंभर टक्के. पण पुण्यात मे महिन्यात १२ अंशांची बिअर देऊन बघा कुणाला.

कोरडा_किनारा

मी थेंबही घेत नाही. माळकरी घर. पण तालुक्याला आमचं वाईन शॉप आहे (हो, दोन्ही एकत्र चालतं, आजोबांनी एकदा विठोबाला विचारून घेतलंय), त्यामुळे बावीस वर्षं बिअर विकतोय. वास मात्र सगळे ओळखतो. दोन गोष्टी सांगतो, तुमच्या आवडीनिवडीच्या उपयोगाच्या.

एक, हिरव्या आणि पांढऱ्या बाटल्या. गिऱ्हाईकाला दिसाव्यात म्हणून बरेच दुकानदार दर्शनी फळीवर लावतात, दुपारचं ऊन थेट त्यावर. हॉप्समधला कडू पदार्थ उजेडाने तुटतो आणि त्यातून गंधकाचा एक प्रकार तयार होतो. उघडली की मांजराने कोपऱ्यात काहीतरी करून ठेवल्यासारखा वास. उन्हात याला दिवस लागत नाहीत, मिनिटं पुरतात. तपकिरी बाटली बराच उजेड अडवते, डबा पूर्णच. लोक हा वास "इंपोर्टेडची चव" म्हणून कौतुकाने पितात. सुरुवातीला मीही फळीवरच लावायचो. एका निवृत्त मास्तरांनी बाटली परत आणून नाकाखाली धरली तेव्हापासून हिरवी बाटली आमच्याकडे खोक्यात राहते.

दोन, तारीख. बाटलीच्या लेबलावर किंवा डब्याच्या बुडाला बनवल्याची तारीख असते. राज्यातली बरीच बिअर वाळूजला बनते. तिथून मे महिन्यात ताडपत्रीच्या ट्रकमधून निघून गोदामात पडून आमच्याकडे येते. हॉप्सचा वास आधी उडतो, मग ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागतो. आयपीए आठ महिन्यांची असेल तर तुम्ही "आवडत नाही" म्हणताय ती आयपीए नव्हेच. गिऱ्हाईक दुधाच्या पिशवीची तारीख बघतं, बिअरची कुणी बघत नाही.

अर्धा_डॉक्टर

ह्या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद न पिणाऱ्याचा. दंडवत घ्या.

आंबोळी

उशिरा आले. माझं नाव बेल्जियमला. तिथल्या वीटबिअरमध्ये (म्हणजे "पांढरी बिअर", गव्हाचीच) धणे आणि संत्र्याची साल घालतात. खरंच धणे, आपल्या मसाल्याच्या डब्यातले. हूगार्डेन गावात हा प्रकार १९५०च्या दशकात बंद पडला होता. शेवटची ब्रुअरी मिटली, लोक लागरकडे वळले. पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने लहानपणी शेजारच्या ब्रुअरीत हातभार लावला होता, त्या आठवणीवर त्याने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. आज आपल्याकडे "व्हाइट" म्हणून डब्यात मिळतं त्यातलं बरंचसं या घराण्यातलं. बाबांच्या शिकरणाचं घराणं वेगळं, ते जर्मन. तिथे धणे चालत नाहीत.

पण माझा खरा जीव लाम्बिकवर. ब्रसेल्सच्या आसपास बनते. यीस्ट घालतच नाहीत. धान्याचा उकळलेला रस उथळ मोठ्या परातीसारख्या भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतले, छपरातले जंतू त्यात उतरतात. फक्त थंडीच्या महिन्यांत, उन्हाळ्यात नको ते जंतू येतात म्हणून. मग पिंपात वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. चव आंबट, खूप आंबट, आणि वास ओल्या गोठ्याचा. नवऱ्याने एक घोट घेतला आणि "ही खराब झालीये, परत कर" म्हणाला. मला मात्र पहिल्याच घोटाला माझ्या आज्जीचं आंबोळीचं पीठ आठवलं. तीही काही घालायची नाही, फडकं बांधून चुलीच्या बाजूला ठेवायची, आणि सकाळी झाकण उघडल्यावर जो वास यायचा तोच. आवड म्हणजे बऱ्याचदा आधी कुठेतरी आलेला वास असतो, असं माझं आपलं मत.

राइनकाठ

आंबोळीताई, लाम्बिकला गोठ्याचा वास, पिल्सनर वरणभात, व्हीट बिअर शिकरण. आपण बिअर पितोय की गावाला चाललोय?

चिंचवडी

अपडेट. कोरडा_किनारा यांचं ऐकून डब्याच्या बुडाची तारीख बघत तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानात दीड महिन्यापूर्वीची पिल्सनर मिळाली. चार डबे आणले. काल रविवार, बाबांच्या समोर दोन ग्लास ठेवले, थेम्सकाठांच्या आग्रहाखातर फ्रीजमधून वीस मिनिटं आधीच काढून. फेस दोन बोटं. बाबांना वाटलं फेस म्हणजे फसवणूक. "एवढा भाग रिकामाच दिलास." मी त्यांना पिल्झेनचं सांगितलं, तिथे जवळजवळ नुसत्या दाट फेसाचा ग्लासही मागून पितात, त्याला म्लिको म्हणतात, म्हणजे दूध. ते म्हणाले, "तिथले दूधवाले पण इथल्यासारखेच दिसतात."

मग उठून फ्रीजरमधून बर्फाचे दोन खडे आणले आणि टाकले ग्लासात. मी काही बोलले नाही. दातांखाली शेंगदाणा धरून बसले. बाबांनी सावकाश अर्धा ग्लास संपवला. टीव्हीवर मॅच चालू होती. मग माझ्या ग्लासातला एक घोट घेतला, बिनबर्फाचा. परत आपला घेतला. परत माझा.

"माझी पाणचट झालीये," म्हणाले. "आत अजून आहे का? बर्फ नको."

मसाला_पापड

बाबांना विचारा ना, स्ट्राँगमध्ये मिळते का ही.